पेपरमिंटचा दांडा

धुक्यात इंजिन चालवता चालवता लेस्टर पिमने सवयीने आकड्यावरचा दांडा चाचपला आणि दांडा हाताला चिकटला.

रेल्वेचा दांडा चिकटत नाही. तो लाकडी, लाल, लाटण्याएवढा, पितळी पट्टीचा. बंदर ते वाळूटेकडी हा समुद्राकाठचा दीड मैल एकेरी रूळ. ज्याच्या हातात दांडा त्याचीच गाडी निघणार, दुसऱ्याने आपल्या स्टेशनात गप्प बसायचं. शंभर वर्षं कोणी कोणाला धडकलं नाही, कारण दांडा एकच होता. गेल्या महिन्यात स्टेशनातल्या दुकानाने तस्सेच दांडे साखरेचे करून विकायला ठेवले. खूप खपतात.

लेस्टरने बोट जिभेला लावलं. पेपरमिंट.

त्याने ब्रेक ओढला. शेवटच्या डब्यातून गार्ड ऑडलीबाई उतरून पुढे आल्या. एकोणचाळीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या. खडीसुद्धा त्यांच्या पायाखाली शिस्तीत वाजायची.

"लेस्टर, स्टेशन अजून आलेलं नाही."

"बाई, हे जरा चाटून बघता?"

बाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग दांड्याकडे. चाटला. "खरा कुठाय?"

लेस्टरला तोच विचार करायचा नव्हता. खरा जर वाळूटेकडीला राहिला असेल तर तो डॉर्कसच्या हातात असणार. पलीकडची गाडी डॉर्कस चालवायची. डॉर्कस त्याची बायको. हातात दांडा असला की ती कोणाच्या बापासाठी थांबत नसे.

"मागे घ्या गाडी."

"मागे फाटक आहे. आपण गेलो म्हणून फाटकवाल्याने आतापर्यंत रस्त्याला उघडलं असेल. बसची वेळ आहे, बाई."

बाईंनी लाल झेंडा आणि रुळावर लावायच्या फटाक्यांचा डबा काढला. डब्यात तीन होते. चाकाखाली फुटले की समोरच्या ड्रायव्हरने थांबायचं.

"पळा, बाई."

"मी पळत नाही. शाळेत कोणाला पळूही दिलं नाही." आणि त्या धुक्यात पळत गेल्या.

लेस्टर डब्यांपाशी आला. अडतीस माणसं. "कृपया सगळ्यांनी उतरून वाळूत उभं राहायचंय."

"या गारठ्यात?" थर्मासवाल्या गृहस्थांनी विचारलं. "तिकिटात धरलंय का हे?"

प्रवाशांना घाबरवू नये, असं शिकवलेलं होतं. "समोरून गाडी येतेय," लेस्टर म्हणाला. "याच रुळावर."

सगळ्यांनी कॅमेरे काढले. एकही माणूस उतरला नाही. एका आजीबाईंनी खिडकीची जागा मागून घेतली.

धुक्यातून शिट्टी आली. दोन आखूड. डॉर्कसची.

त्याच्या बुटाखाली रूळ थरथरायला लागला. एक फटाका फुटला. दुसरा फुटला. तिसऱ्याची वाट बघता बघता लेस्टर आपल्या इंजिनाच्या पुढे जाऊन हात पसरून उभा राहिला होता. माणसाने इंजिन अडत नाही हे त्याला माहीत होतं. पायांनी त्याला विचारलं नव्हतं.

आधी दिवा दिसला. मग लोखंड किंचाळलं, ठिणग्या उडाल्या, आणि डॉर्कसचं इंजिन त्याच्या छातीपासून वीतभरावर थांबलं. गाडी मंदावताना चढलेल्या ऑडलीबाई त्याच्या पायरीवर बसल्या होत्या, टोपी कुठेतरी पडलेली.

"तिसऱ्याला वेळच मिळाला नाही," त्या म्हणाल्या.

"डॉर्कस, दांडा दाखव."

डॉर्कसने वाकून दांडा पुढे केला. त्याचं टोक चोखून चोखून अणकुचीदार झालं होतं.

"म्हणजे दुकानाने खरा विकला," बाई म्हणाल्या. "कोणीतरी दात मोडून घेतला असेल."

लेस्टर त्या टोकाकडेच बघत होता. "हे तुला कधी कळलं?"

"निघायच्या आधी. तहान लागली होती, सहज तोंडात धरला."

"आणि तरी निघालीस?"

"डब्यात माणसं बसली होती, लेस्टर. तिकिटं पंच करून झाली होती. त्यांना काय उतरा म्हणू?"

"खरा माझ्याकडे असेल असं नाही वाटलं?"

"वाटलं की. म्हणूनच जोरात आले. दोनला निघायचा तो तू कधी सव्वादोनच्या आत निघालायस? तोवर मी बंदरात पोचून चहा घेतला असता."

मागून कॅमेऱ्यांचे आवाज येत होते.

"आज मी दोनला निघालो," लेस्टर म्हणाला.

डॉर्कस सावकाश खाली उतरली आणि दोन इंजिनांच्या मधे, जिथे तो अजून उभा होता, तिथे त्याच्या शेजारी उभं राहायला बघू लागली. तिथे दोघं मावत नव्हती.