खिळ्याची परवानगी

रत्नप्रभाबाई हातोडी घेऊन खालच्या बागवानचाचांच्या दारात उभ्या राहिल्या.

“चाचा, भिंतीत एक खिळा ठोकला तर चालेल ना? यांचा फोटो लावायचाय.”

छत्तीस वर्षं भाड्याच्या घरांत काढलेल्या बाईंच्या तोंडून ते सवयीनंच निघून गेलं. खिळ्याला एकाही मालकाने होकार दिला नव्हता. नवऱ्याचा फोटो कायम कपाटावर टेकलेला. आता नर्सच्या नोकरीची सगळी पुंजी घालून त्यांनी चार बिऱ्हाडांची ही इमारत घेतली होती. एका घरात आजच त्या स्वतः राहायला आल्या होत्या, उरलेल्या तीन बिऱ्हाडांच्या भाड्यावर म्हातारपण काढायचं होतं.

चाचांचा चेहरा पडला. “कळलं वाटतं तुम्हाला, मालकीणबाई. आधीच्या मालकांनाही चालत नव्हतं. तीन खिळे चोरून ठोकलेत मी, कॅलेंडरांच्या मागे.”

ही मालकीणबाई कोण म्हणून बाईंनी मागे वळून पाहिलं. मग चौकटीला धरून त्या हसत सुटल्या आणि हातोडी चाचांच्या हातात दिली. “घ्या, आता उघड ठोका.”

फोटो भिंतीवर चढायला दिवेलागण झाली. हातोडी तिन्ही बिऱ्हाडं फिरून यायची होती.