अकरा नंबरची मागणी

वृद्धाश्रमातल्या बाई रोज दुपारी माइकवर गोष्ट वाचायच्या आणि ती सगळ्या खोल्यांतल्या स्पीकरवर जायची. कुणी ऐको न ऐको, नेट मात्र तुंबायचं. शेवटी मॅनेजरनं नेटवर्कवाल्याला बोलावलं. "खोल्यांच्या वायरी जातात तो स्विचचा डबा असा लाव, की जी खोली स्पीकर चालू करून मागेल तिथंच आवाज जाईल. कुणीच मागितलं नाही, तर वाचन बंद."

नेटवर्कवाला मूळचा वात्रट. सेटिंग लावून तो लॅपटॉप घेऊन बाईंच्या शेजारी बसला. "वाचा बाई, तुमचे चाहते मोजतो."

"चाहते असते तर इथं कशाला आले असते रे," म्हणत बाईंनी सुरुवात केली.

लॅपटॉपवर मागणाऱ्या खोल्यांची यादी कोरीच. त्याला वाईट वाटलं. थाप मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात यादीत एक नंबर उमटला.

"आहे की एक. अकरा नंबर."

बाई थांबल्या. "ती आमच्या ह्यांची खोली. ते गेल्यापासून कुलूप आहे."

त्यानं उठून भिंतीवरचा स्विचचा डबा पाहिला. अकराच्या भोकात वायरच नव्हती. वरचा दिवा मात्र लुकलुकत होता.

"ऐकू कमी यायचं त्यांना," बाई पुटपुटल्या. मग माइक तोंडाशी धरून म्हणाल्या, "येत नसेल ऐकू, तर इकडे येऊन बसा."

अकराचा दिवा विझला. यादीत आता बारा नंबर होता, म्हणजे हीच खोली. बाई इथूनच वाचायच्या, म्हणून हिच्यात स्पीकर कधी बसवलाच नव्हता.

बाईंनी मान वर न करता पलीकडची रिकामी खुर्ची जवळ ओढली आणि गोष्ट पहिल्यापासून वाचायला घेतली.