तिसऱ्या खांबावरची डबी

त्या दिवशी पूल तासभर बंद झाला आणि साहेब धावत आले. पण कागदोपत्री तसं काही घडलेलं नाही, तेव्हा आपणही घडलं नाही असंच धरू.

लहानू मुकादम बावीस वर्षं ओळंबा लावून पुलाचे खांब सरळ आहेत का बघायचा. त्याच्या अहवालावर साहेब न वाचताच सही ठोकायचे. यंदा तिसऱ्या खांबावर सेन्सरची डबी बसली. खांब केसभर कलला तरी ती थेट साहेबांच्या मोबाइलवर कळवायची, आणि साहेब तिच्यासाठी भरल्या ताटावरून उठायचे.

मुकादमाच्या पोटात दुखायला लागलं. एका दुपारी त्याने पान्याने डबीच जराशी वाकडी केली.

साहेब एकाच पायात चप्पल घालून पोचले.

"साहेब, खांब सरळ आहे. मी स्वतः ओळंबा लावलाय."

"बाजूला व्हा हो मुकादम! हिला कुठे लागलं का?" म्हणत साहेबांनी आपल्या रुमालाने डबी पुसली.

मुकादमाने तिथेच अर्ज लिहिला: ‘सदर यंत्र अर्जदाराच्या कमरेसही बसवावे, आणि अर्जदार किंचितही कलल्यास साहेबांनी जातीने पाहणीस यावे, ही नम्र विनंती.’