कोरं आभाळ

"हे कोनी खरं मानाव नही," चुनीलाल आप्पांनी बशीत चहा ओतता ओतता जाहीर केलं. "तुम्ही बी मानू नका. मन्हं काय जास?"

प्रकाशा गावच्या एसटी स्टँडवर शोभाबाईंच्या हॉटेलात दुपारी गिऱ्हाईक नव्हतंच. बाकावर एक तरुण बाई तेवढी बसलेली. मांडीवर काळी, जड बॅग. शहाद्याची एक गाडी तिने मघाशीच जाऊ दिली होती. आप्पांना गोष्ट सांगायला एक कान पुरायचा. आज तर शोभाबाई धरून चार होते.

"लोणखेडाना हेमराज माहीत शे ना? सिनेमावाला?"

"त्याले कोन वळखत नही?" शोभाबाई कढईत भजी सोडत म्हणाल्या. "आठेच, ह्या बाकवर तर बसे, तुमनाजोडे."

आप्पांनी ते ऐकलं नाही.

हेमराज सिनेमा स्वतः लिहायचा आणि स्वतःच काढायचा. हौस म्हणून नव्हे, रागाने. मुंबईत एका बड्या माणसाने त्याची कथा चाळली आणि सांगितलं, डोंगरातली गोष्ट आहे तर दोन गाणी घाल, नायिका जरा गोरी घे. हेमराजने कागद उचलले, समोरच्या चहाला हात न लावता उठला आणि सरळ गावी आला. तेव्हापासून लेखक तोच, निर्माता तोच, शूटिंगला डबे पोचवणाराही तोच. राग मात्र उतरला नाही. कॅमेऱ्यापुढून कोंबडी गेली तरी तो तिच्यामागे धावायचा, म्हणे.

सिनेमा पुरा होत आला. एक शॉट राहिला, डोंगरातल्या काठी गावच्या होळीचा. तिथली होळी पहाटे पेटते. नवस फेडणारे बुध्ये मोरपिसांचे टोप घालून कमरेचे घुंगरू वाजवत नाचतात, जाळ उंच बांबूवर चढत जातो आणि उजाडता उजाडता बांबू झुकतो. वर नुसतं आभाळ. सिनेमा तिथे संपायचा.

"वरतीन आभाळ कोरं पायजे म्हने," आप्पा तुच्छतेने म्हणाले. "त्यामा कोनी नको, काही नको. कोरं कशाले, देवले माहीत."

पण होळी काही पुन्हा पेटवता येत नाही. शॉट हुकला की वर्ष गेलं.

पहिल्या साली बांबू झुकायला आणि कॅमेऱ्यापुढे एक माणूस येऊन उभा राहायला एकच गाठ पडली. अंगावर घोंगडी. मागे आग, त्यामुळे तोंड काळंठिक्कर. हेमराज शिव्या देत धावला, तोवर माणूस गर्दीत विरघळला. दुसऱ्या साली हेमराजने भोवती पोरं उभी केली. ढोल घुमला, पोरं ढोलाकडे बघत राहिली आणि घोंगडी पुन्हा हजर. यंदा दोर बांधला होता. घोंगडी दोराखालून आली.

यंदा हेमराज धावलाही नाही. तिथेच राखेत बसला. पोरं म्हणाली, दादा, दुसऱ्या शॉटवर संपवू. तो म्हणाला, हा नाही तर सिनेमा नाही. घरी आला आणि सगळं शूटिंग कपाटात कोंबून कुलूप लावलं.

"कोण होता तो?" बाकावरच्या बाईने विचारलं. तिचा हा पहिलाच शब्द.

आप्पांनी आवाज खाली आणला. "मानूस नव्हताच तो. बुध्या व्हता. नवस अर्धा टाकीसन मरेल. ज्याना नवस अर्धा ऱ्हास, तो होळीले येसच. राखमा त्याना पाय बी उमटनात नही."

"भूतले सिनेमानं काय काम?" शोभाबाई म्हणाल्या.

आप्पांनी बशी इतक्या जोरात ठेवली की चहा बाकावर उडाला.

"काम? गोष्ट त्यानी व्हती! हेमराजनी दिनदिनभर जोडे बसीसन ऐकी, हसना, रडना. मंग शहादामा पोस्टर लागनं. लेखक हेमराज, निर्माता हेमराज. ज्यानी गोष्ट, त्यानं नाव कोठे? भूतले बी राग येस."

"भुताने दिवसभर बसून गोष्ट सांगितली?" बाईने विचारलं.

"जित्ता व्हता तवय," आप्पा घाईने म्हणाले.

"तुम्ही होता का काठीला?"

"मी? मी होळीले दरसाल सुरतले, पोरगीकडे. लोकेसनं ऐकेल तेच सांगस."

शोभाबाई झाऱ्याने भजी उलटत राहिल्या. आप्पांकडे पाहून नुसत्या हसल्या. ते आप्पांना बोचलं असावं. गोष्ट पडतेय असं वाटलं की ते नेहमी तिला एक झालर लावायचे.

"असा उभा ऱ्हाये, हालेच ना. समोर कॅमेरानं भिंग, निळं-जांभयं. त्यामा पाठमांगली होळी दिसे. एवढीशी, आनि उलटी. बांबू खाले डोकं करीसन झुकी ऱ्हायना... काय रूप ते."

शहाद्याची गाडी येऊन थांबली. बाई उठली नाही. तिने बॅगेची चेन उघडली, कॅमेरा काढून मांडीवर ठेवला आणि भिंगावरचं झाकण काढलं.

"मी तिन्ही वर्षं या कॅमेऱ्याच्या मागे उभी होते, आप्पा," ती म्हणाली. "मला उलटी होळी दिसली नाही. हेमराजदादांनाही नाही. ती दिसते फक्त समोर येऊन उभं राहणाऱ्याला."

आप्पांनी बशी तोंडाला लावली. ती रिकामी होती.

गाडी निघून गेली.

"आणि आभाळ कोरं कशाला हवं होतं, तेही सांगते. त्यावर एकच ओळ यायची होती. गोष्ट : चुनीलाल आप्पा, प्रकाशा."