दहा हजार पावलं

"नाहीतरी तू दिवसभर उभीच असतेस," असं म्हणत विद्याधरने पावलं मोजणारं घड्याळ स्वतःच्या मनगटावरून काढून बायकोच्या हातात बांधलं आणि तो पुन्हा सोफ्यावर टेकला.

तीन महिन्यांत साखर उतरली नाही तर रोज इन्सुलिन टोचावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सुईच्या नुसत्या विचाराने घाम फुटणाऱ्या विद्याधरने मग दररोज दहा हजार पावलं चालायचं ठरवलं. नवे बूट आले, कपाटावर तक्ता लागला. पहिले चार दिवस तो चाललाही.

कुमुदच्या हातावर मात्र घड्याळ दुपारी एकलाच दहा हजार भरल्याचं सांगत थरथरलं. ओटा, मोरी, गच्चीवरची दोरी, पुन्हा ओटा. "बघ, घराबाहेर न पडताही जमतं!" विद्याधर समाधानाने म्हणाला आणि तक्त्यातला चौकोन हिरवा केला. पुढचे सगळे चौकोन असेच हिरवे झाले.

तीन महिन्यांनी दोघं दवाखान्यात गेले, तेव्हा डॉक्टरांनी तक्ता पाहून आधी शाबासकी दिली, मग रिपोर्ट उघडला. "एवढं चालूनही साखर वाढलीच? मग आता इन्सुलिनशिवाय इलाज नाही."

विद्याधरचा चेहरा उतरला. "अगं, तू तरी सांग ना काहीतरी," तो पुटपुटला.

तीस वर्षं रक्ताचे नमुने तपासून निवृत्त झालेल्या कुमुदने घड्याळ काढून शांतपणे टेबलावर ठेवलं.

"डॉक्टर, दोन्ही आकडे अचूक आहेत. फक्त पावलं माझी आहेत आणि साखर यांची."