येलदरीच्या वाटेवर

"थांबवा," राजेश्री म्हणाली. "मला त्या बसमदी बसून च्या प्यायचाय."

देवगाव फाट्यावर कुणीतरी भंगारातली एसटी आणून तिचं हॉटेल केलं होतं. चाकं काढलेली, लाल रंग तसाच. गिऱ्हाइकं सीटांवर बसायची आणि ड्रायव्हरच्या जागी शेगडी पेटलेली असायची.

परमेश्वरनं गाडी कडेला घेतली. सेलू सोडून फार वेळ झाला नव्हता, पण त्याला आज वाद नको होता. वर्षभर दोघांत धड बोलणं नव्हतं. ती जेवणाचं ताट समोर आपटायची, तो न जेवता उठायचा. आज हे सगळं संपवायचं, असं त्यानं ठरवलं होतं. म्हणून खताचं दुकान बंद ठेवलं आणि स्वतःहून म्हणाला, "चल, येलदरीचं धरण बघून येऊ. लय भरलंय म्हणतेत." मोबाईल घरीच ठेव म्हणाला; आज दोघंच. आईची कुरकुर नको म्हणून राजेश्रीला मळ्याच्या वाटेवरून गाडीत बसवून घेतलं.

राजेश्री एक शब्दही न बोलता आली होती. आता मात्र तिचं तोंड सुटलं.

"ताई, शेगडीजवळ गरम व्हतंय. मागं बसा," हॉटेलवाला माणिकराव म्हणाला.

"मी इथंच बसणार."

चहा आला. तिनं एक घोट घेतला आणि उरलेला खिडकीतून बाहेर ओतला. "ह्याला च्या म्हणतेत व्हय? म्हशीला बी पाजू नये."

बसमधली सगळी डोकी वळली. माणिकरावचा चेहरा उतरला.

"आता आमचा फोटो काढा," ती म्हणाली. "तुमच्या मोबाईलवर. माझा घरी ऱ्हायलाय. आमी सेलूचे. ह्यांचं खताचं दुकान हाय. येलदरीला चाललोत."

ब्याद टळावी म्हणून त्यानं फोटो काढला. परमेश्वरनं तिचं मनगट धरून तिला खाली आणलं.

"कशाला सगळं सांगत बसायलीस?"

"का? चोरी हाय का?"

पुढं पंक्चरचं दुकान लागलं. दारात जुन्या टायरांचा हत्ती उभा केलेला, खऱ्या हत्तीएवढा, पांढराशुभ्र रंगवलेला. लोक गाड्या थांबवून बघत होते, म्हणून परमेश्वरलाही थांबावं लागलं. राजेश्री खाली उतरली ती थेट हत्तीच्या पाठीवरच चढली.

"ओ ताई, उतरा," दुकानवाला सिद्धोधन आतून पळत आला. "रंग वला हाय त्याचा."

"मग काय झालं?" तिनं हत्तीच्या मस्तकावर पंजा दाबला. पाच बोटं उमटली.

"डोकं ठिकाणावर हाय का तुमचं? रंगवायला किती दिस लागलेत ठावं हाय?"

परमेश्वरनं हात जोडले. चूक झाली, माफ करा, म्हणाला. सिद्धोधन त्याच्याकडं न बघता तिच्यावरच ओरडत राहिला.

"फोटो काढा, मग उतरते," ती म्हणाली. "ह्यांनाबी घ्या त्याच्यात."

सिद्धोधननं दातओठ खात फोटो काढला. "नंबर सांगा, पाठवतो. अन् निघा इथून."

"पाठवू नका. ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच."

गाडीत परमेश्वरचे हात स्टिअरिंगवर आवळले गेले. "यड लागलंय का तुला? चांगलं हिंडायला आणलंय, तर गावोगाव शोभा करायलीस."

"हिंडायला आणलंय ना? मग हिंडू द्या."

त्याचा फोन वाजला. त्यानं नाव बघितलं आणि कट केला. तिनं खिडकीबाहेर पाहिलं. तुरी फुलावर आल्या होत्या, कापूस फुटला होता.

चारठाण्याच्या अलीकडं रस्त्यात पोलीस उभा दिसला. परमेश्वरनं गाडी हळू केली. जवळ गेल्यावर कळलं, ते बुजगावणं होतं. खाकी कपडे, डोक्यावर टोपी, हात पुढं केलेला. गाड्या हळू व्हाव्यात म्हणून सीताफळं विकणाऱ्या सरजाबाईनं ते टोपल्यांशेजारी रोवलं होतं.

राजेश्रीनं गाडी थांबवायला लावली, उतरून बुजगावण्याची टोपी काढली आणि स्वतःच्या डोक्यावर घातली.

"ठेव गं ती," सरजाबाई म्हणाली.

"न्हाई ठेवत. आधी आमा दोघांचा फोटो काढ."

"तुझ्या बापाची हाय का टोपी?" सरजाबाईनं झटापट करून टोपी हिसकावली. दोघींचे केस सुटले. एक टोपलं कलंडलं, सीताफळं रस्त्यावर फुटली. परमेश्वर खाली बसून एकेक वेचू लागला. शेवटी म्हातारीनं कमरेचा मोबाईल काढला आणि फोटो घेतला. मग परमेश्वरकडं वळून म्हणाली, "तू गरीब दिसतूस बाबा. कसं नांदवायलास हिला?"

परमेश्वरचे डोळे भरून आले. वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी त्याची बाजू घेतली होती.

जिंतूर मागं पडलं. रस्ता टेकड्यांत शिरला आणि एका वळणावर धरणाचं पाणी दिसलं. निळं, पार पलीकडच्या डोंगरापर्यंत पसरलेलं. ऊन उतरणीला लागलं होतं.

"आता कुठं थांबायचं न्हाई," परमेश्वर म्हणाला.

"न्हाई थांबायचं."

दिवसभरात ती पहिल्यांदाच शांत बोलली होती. त्याला बरं वाटलं. धरणाच्या भिंतीकडं जाणारा रस्ता सोडून त्यानं गाडी कच्च्या वाटेला घातली. वाट बाभळींतून खाली उतरत गेली आणि पाण्यापाशी संपली. तिथं ना गुराखी होता, ना मासे धरणारा. काठ कातळाचा होता, आणि खाली पाणी काळंभोर दिसत होतं.

त्यानं गाडी बंद केली. खाली उतरून तिच्या बाजूचं दार उघडलं आणि हात पुढं केला. "ये. इथून लय चांगलं दिसतंय."

राजेश्री जागची हलली नाही. तिचा आवाज कापत होता, पण नजर त्याच्यावरच होती.

"येते. पण बायकू घरातून कुठं गेली ठावं न्हाई, असं आता सांगता यायचं न्हाई तुमाला. मी कुणासंगं हिकडं आले, ते समद्या रस्त्यानं बघितलंय."