चांदीची शीळ

जमिनीतला धातू हुडकणाऱ्या नव्या यंत्रानंही तिसऱ्या आठवड्यात खिळेच दिले, तेव्हा नेव्हिल लार्टरनं ते परत करायचं ठरवलं.

इंग्लंडातल्या नॉर्फकच्या त्या शेतांमध्ये तो वीस वर्षं जुनी नाणी शोधत होता. सुरुवातीला पुष्कळ मिळाली. मग चांदी आटत गेली. गंजके खिळे, घोड्यांचे नाल, एवढंच हाती लागे. आधी त्यानं रानाला बोल लावला, मग यंत्राला. नाणी शोधणाऱ्यांच्या क्लबातली मंडळी म्हणाली की रान तेच, माणूस तोच, तर महागडं यंत्र काय दिवे लावणार? पण त्यानं घेतलंच.

शेवटचं एकदा बघावं म्हणून रविवारी सकाळी तो बार्ली कापलेल्या रानात गेला. शेजारीण ग्लेंडा सोबत आली होती. तो चहा प्यायला टेकला, तेवढ्यात तिनं गंमत म्हणून हेडफोन लावले आणि तो नुकताच जिथून फिरून आला होता, तिथंच यंत्र फिरवलं.

दहा पावलांवर ती थांबली. “इथं काय आहे रे?”

“काही नाही. आत्ताच पाहिलंय मी.”

“अरे, केवढी शीळ घालतंय हे.”

खणलं. चार बोटं खोल चांदीचं नाणं, नखाएवढं. दोन पावलांवर आणखी एक.

नेव्हिलनं हेडफोनची वायर उपटली, आवाज मोठा केला आणि यंत्र नाण्यावर धरलं.

“वाजतंय?”

“कानठळ्या बसतायत.”

त्याला नुसता वारा ऐकू येत होता. खिळ्यावर धरलं, तर खिळा मात्र जाड आवाजात घुमला.

“बारीक आवाज गेलेत तुझे,” ग्लेंडा म्हणाली. “वयानं होतं असं. माझ्या वडिलांना आम्हा बायकांचं बोलणंच ऐकू येत नसे.”

नेव्हिल खाली बसला. फेब्रुवारीत त्याची बायको मेव्हिस न्हाणीघरात पडली होती. तो बाहेरच्या खोलीत जुनं यंत्र पुसत होता. तासाभरानं दार ढकललं, तेव्हा सगळं संपलं होतं. तिनं एक हाकसुद्धा मारली नाही, असं त्यानं डॉक्टरांना सांगितलं होतं, मुलीला सांगितलं होतं.

“ग्लेंडा, त्या दिवशी तुला आपल्या घरांमधल्या सामाईक भिंतीतून काही ऐकू आलं होतं का?”

ग्लेंडा थर्मासचं झाकण फिरवत राहिली.

“बराच वेळ हाका मारत होती. मी उठलेही होते,” ती म्हणाली. “पण तू घरात होतास ना.”